‘दहावा’ घेऊन साकोली ते आंबागड

पुण्याच्या माणसाची भंडारा जिल्ह्यात जाण्याची कारणं ठरलेली असतात. एक तर बदली होते, नाहीतर सोयरीक जुळते. मी गेलो तो तिथल्या लोकांना धक्का द्यायला.

आणीबाणी उठून दोनएक वर्षं झाली होती. मी बँकेत कारकून होतो आणि संध्याकाळी सहानंतर बंडखोर होतो. आमचा सात-आठ जणांचा गट सोळा मिलिमीटरवर छोटे सिनेमे काढायचा, ते सेन्सॉरला न दाखवता एका दातांच्या डॉक्टरच्या तळघरात दाखवायचा आणि स्वतःला भूमिगत म्हणवून घ्यायचा. सिनेमा संपल्यावर प्रेक्षक शांत बसून राहिले तर आमचा चेहरा उतरे. कुणी खुर्ची आपटून निघून गेलं की आम्ही खूश होऊन चहा मागवत असू.

माझ्या सिनेमाचं नाव ‘दहावा’. सोळा मिनिटांचा. मुलगा नदीच्या घाटावर वडिलांचा पिंड ठेवतो, कावळा काही शिवत नाही, तेव्हा मुलगा स्वतःच काव काव करत पिंड खाऊन टाकतो. मुलगा मीच. डोकंही मी खरोखर भादरून घेतलं होतं. पाटावर हार घालून ठेवलेला फोटो माझ्याच वडिलांचा होता, आणि माझे वडील जिवंत होते, ठणठणीत होते, रोज सकाळी पर्वतीला जात होते. निवृत्तीच्या समारंभातला तो फोटो ‘मोठा करून आणतो’ असं सांगून मी आईकडून घेतला होता.

दिवाळीनंतर तळघरात पहिला खेळ झाला. बाबा कोट घालून आले, तिसऱ्या रांगेत बसले आणि अर्ध्यावर उठून गेले. बाबा आयुष्यभर तारखात्यात होते. शब्दागणिक पैसे पडतात अशा बेतानं ते घरातही बोलत, आणि जे बोलत त्यात बहुधा चिमटा असे. दुसऱ्या दिवशी ते आईला म्हणाले, “त्याला सांग, फोटो जागेवर आण.” त्यानंतर माझ्याशी एक शब्द नाही. मी गटात छाती फुगवून सांगितलं की खुद्द बापाला धक्का बसला, आणखी काय पाहिजे? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी मात्र जेवताना ‘त्याला विचार’, ‘त्याला दे’ असं आईमार्फत चालू झालं. हे मी गटात सांगितलं नाही.

अशात साकोलीच्या शाळेतले मेश्राम सर कसल्याशा प्रशिक्षणासाठी पुण्यात आले आणि कुणाबरोबर तरी आमच्या तळघरात येऊन गटाचे तीन सिनेमे पाहून गेले. बाबा अर्ध्यावर उठून गेल्याचा किस्साही त्यांनी तिथेच ऐकला. जाताना म्हणाले, “आमच्याकडे घेऊन या. आमचे लोक कसे वाटले ते तोंडावर सांगतात.” जानेवारीत मी रजा टाकली आणि पत्र्याच्या पेटीत रिळं घालून निघालो.

साकोली

नागपूरहून हमरस्त्यानं एसटी साकोलीला पोचली तेव्हा थंडी अशी होती की कंडक्टरनं तिकिटाची पेटी मफलरमध्ये गुंडाळली होती. मेश्राम सर स्टँडवर उभे होते. त्यांनी पेटी माझ्या हातून ओढून घेतली आणि घरी पोचेपर्यंत परत दिली नाही. आमच्याकडे पाहुण्याला ‘चहा घेणार का?’ असं विचारतात. इथे विचारायची पद्धतच नाही, चहा समोर येतो, तो संपायच्या आत भात येतो.

प्रोजेक्टर सरांनी ओळखीनं एका सरकारी खात्यातून आणला होता. शाळेचा हॉल, रविवारची दुपार, खिडक्यांना राइस मिलमधून आणलेल्या ताडपत्र्या. त्यांना कोंड्याचा वास होता. दुकानदार, मास्तर, तालुक्याच्या कामाला आलेले शेतकरी असे साठ-सत्तर लोक जमले. मी आत जाऊन यंत्राचं झाकण काढलं, आणि पुढच्या दोन रांगांतले पुरुष धोतर सावरत उठून दाराकडे निघाले. सिनेमा सुरू व्हायच्या आतच लोक उठून जातात, एवढा मान आमच्या गटात कुणालाच मिळाला नव्हता.

“अवो, बसा ना जी!” सर ओरडले. “नसबंदीचा नोहोय!”

मग खुलासा झाला. आणीबाणीत हेच यंत्र आलं होतं, आधी सिनेमा दाखवला होता आणि पाठोपाठ डॉक्टरांची गाडी आली होती. तरीही एक म्हातारे शेतकरी दाराशीच उभे राहिले. त्यांनी बाहेर गाडी नाही याची दोनदा खात्री करून घेतली.

पहिला सिनेमा माझ्या मित्राचा होता. त्यात एक माणूस नऊ मिनिटं बोकडाच्या रक्तानं तोंड धुतो. पुण्यात या सिनेमाला एका बाईंना भोवळ आली होती आणि मित्र वर्षभर ते सांगत हिंडत होता. साकोलीत कुणालाच काही झालं नाही. शेवटी मागून एक हळहळता आवाज आला, “एवढं रक्त वाया घालोलं! रक्ती केली असती तं चार ताटं झाली असती.”

दुसऱ्यात एक नागडा माणूस पाठमोरा नदीच्या पात्रातून चालत जातो. आमच्या मते तो समाजाकडे पाठ फिरवत होता. हॉलमध्ये एकमतानं असं ठरलं की आंघोळीला उतरलेल्या माणसाचे कपडे काठावरून चोरीला गेले आहेत. माणूस दिसेनासा झाला, दिवे लागले, तरी दोघे-तिघे बसूनच होते.

“चोर सापडला नाही काय?” एकानं विचारलं.

“नाही,” मी म्हणालो.

“मंग अर्धाच काहून दाखोला?”

यावर जगातल्या कुठल्याच चित्रपट मंडळाकडे उत्तर नसेल.

मग ‘दहावा’ लागला. फोटो पडद्यावर आला आणि कुजबुज थांबली. मी घाटावर बसलो, पिंड मांडला, कावळ्याची वाट पाहिली. पुढच्या रांगेतल्या एकानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मी काव काव करू लागलो तेव्हा पुण्यात हसले होते किंवा चिडले होते. इथे एका बाईनं हुंदका दिला आणि तिचं पाहून आणखी दोघींनी. दिवे लागल्यावर शाळेचे शिपाई शेंडे माझ्याजवळ आले. पन्नाशीचा माणूस. त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. एकदा माझ्या अजून आखूडच असलेल्या केसांकडे पाहिलं आणि विचारलं,

“कवा गेले जी बाबूजी?”

सर तेव्हा ताडपत्र्या उतरवत होते. शेंड्यांच्या मागे दहा-बारा माणसं उघड्या डोक्यानं उभी होती. ‘अहो, ते खोटं आहे’ एवढंच म्हणायचं होतं. पण इतकं मन लावून माझा सिनेमा आजवर कुणी पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला ते फार आवडलं होतं. मी म्हणालो, “पावसाळ्यात.”

शेंड्यांनी डोळे पुसले. “शेवटपर्यंत कावळा नाही शिवला ना,” ते म्हणाले. “त्यायचा जीव तुमच्यातच अडकला असन.”

त्या रात्री सरांच्या घरी मला लवकर झोप लागली नाही. गादी चांगली होती.

अड्याळ

दुसऱ्या दिवशी आम्ही सरांच्या गावी, अड्याळला गेलो. बाजाराचा दिवस होता. सरांच्या आईनं तलावातली मासोळी आणली होती आणि बांधावरच्या लाखोरीच्या कोवळ्या पानांची भाजी केली होती. पुण्यात आमटीभाजीबरोबर भात असतो. इथे भाताबरोबर बाकीचं असतं, आणि ताटातला भात संपत आला की वाढणाऱ्या माणसाला तो स्वतःचा अपमान वाटतो. मी दोनदा ‘पुरे’ म्हणालो. सरांच्या आईनं ते ऐकूनही घेतलं नाही.

खेळ वस्तीतल्या विहारात होता. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, त्यांच्या शेजारी ताणून बांधलेलं पांढरं धोतर. रक्ताचा सिनेमा झाला, नागड्या माणसाचा झाला. इथेही कपडेचोराची चौकशी झालीच. ‘दहावा’ लागल्यावर मात्र रडणं नाही, चिडणं नाही, काहीच नाही. परक्या गावची वरात बघावी तसे लोक बघत होते. मला जरा राग आला. पिंड खाणारा मुलगा दाखवायला मी पाचशे मैलांवरून आलो होतो!

सरांचे वडील रेल्वेत गँगमन होते, आता निवृत्त. सगळे त्यांना बाबूजीच म्हणत. ते पहिल्या रांगेत काठी घेऊन बसले होते. दिवे लागल्यावर म्हणाले,

“हे नवीन हाय काय तुमच्याकडे?”

“म्हणजे?”

“हेच. पिंड नाही मानायचा, कावळा नाही मानायचा. आमी तं छप्पन सालीच सोडलं. साऱ्या वस्तीनं. भर दुपारी, साऱ्या गावाच्या डोळ्यांपुढं.” त्यांनी विहाराकडे हात फिरवला. “तुमी आता सोडून राहिले. सोडा, सोडा. उशीर झाला तरी चालते.”

विहारभर हशा पिकला. आमची भूमिगत चळवळ तेवीस-चोवीस वर्षं उशिरा पोचली होती, आणि तीही तळघरातून. मीही हसलो, दुसरं काय करणार?

बाबूजी मात्र पुढे बोलत होते. “सोडलं तवा मा बाप जिता होता. त्यानंच आमाले सांगतलं, मी गेल्यावर यातलं काही करू नोका म्हणे. त्याले पुसून सोडलं आमी. तुमी बापाले पुसलं होतं काय?”

सर माझ्याकडे पाहू लागले.

“कुलकर्णी, तुमचे वडील तर...” सर म्हणाले. “शेंडे मला काल सांगत होता, ते गेले म्हणून. मला वाटलं, दिवाळीनंतर काही झालं असेल. तुम्हाला विचारायला जीव धजला नाही.”

“आहेत,” मी म्हणालो. “पर्वतीला जातात रोज.”

बाबूजींनी काठी जमिनीवर दोनदा आपटली. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “मंग त्यायले जितेपणी कायले मारून राहिले बापा?”

जेवताना मला पुन्हा भात वाढला गेला आणि या खेपेला मी ‘पुरे’ म्हणालो नाही.

आंबागड

भंडाऱ्याहून तुमसर, तुमसरहून आंबागड. सगळ्या वाटेनं सर एकच गोष्ट सांगत होते : “आधी सांगायचं, मग सिनेमा लावायचा.” मी हो हो म्हणत होतो. मनातून ठरवलं होतं की सिनेमा झाल्यावर सांगू. शेवटी मीही कलावंत होतो.

गाव डोंगराच्या पायथ्याशी, वर किल्ला. धान कापून झालेले, बांधावर तणसाचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे ढीग. गाडीतून उतरलो तर पारापाशी शंभरेक माणसं उभी. मी केस नीट केले. जवळ गेल्यावर दिसलं की कुणीच हसत नव्हतं, बायकांनी डोक्यावरून पदर घेतला होता, आणि पोरांना कुणीतरी दटावून गप्प केलं होतं.

साकोलीच्या शेंड्यांची सासुरवाडी आंबागडची. त्यांनी एसटीच्या कंडक्टरबरोबर सासऱ्यांना निरोप धाडला होता : बाप गेलेलं पुण्याचं पोरगं येत आहे, बापाचा दहावा सिनेमात दाखवत गावोगाव फिरत आहे, त्याला नीट भेटा. हे सासरे म्हणजे लहानूजी, गावातले जाणते शेतकरी. त्या बाजूला दुःखातल्या माणसाला पहिल्यांदा भेटताना रिकाम्या हातानं भेटत नाहीत. लहानूजींनी माझ्या खांद्यावर नवा पांढरा दुपट्टा घातला. त्यांची बायको सरजाबाई नवी थैली उघडून उभ्या राहिल्या, आणि एकेक घरची बाई पुढे येऊन वाटीभर तांदूळ तिच्यात ओतू लागली. चिन्नोर तांदूळ. बारीक, वास असा की थैलीचं तोंड उघडं असेपर्यंत पारावर दुसरा वास नव्हता.

पाच वाट्या पडल्या. दहा पडल्या. एक म्हातारी अर्धीच वाटी घेऊन आली होती आणि कमी आहे म्हणून ओशाळली होती. तिनं ती ओतली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

“आजी, थांबा,” मी म्हणालो. आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. “माझे वडील जिवंत आहेत. सिनेमा खोटा आहे. साकोलीत मी खोटं बोललो.”

सगळे थबकले. लहानूजींच्या कपाळावर आठी आली. मार बसला तर पेटी कुठे ठेवायची हा विचारही माझ्या मनात येऊन गेला.

“जिते हायत?” सरजाबाईंनी विचारलं.

“हो.”

“चालतेत, फिरतेत?”

“डोंगर चढतात रोज.”

“अवो माय!” सरजाबाईंनी थैली खाली ठेवून दोन्ही हात जोडले. “मंग तं चांगलंच झालं ना बापा! जिते हायत म्हणते जी!” शेवटचं त्या मागच्यांना ओरडून म्हणाल्या, आणि तो निरोप गर्दीतून मागे मागे गेला. ज्या बायका पदर ओढून उभ्या होत्या त्या हसायला लागल्या. माझ्या वडिलांना या गावात कुणी पाहिलं नव्हतं. ते जिवंत आहेत याचा एवढा आनंद मी कुणाला झालेला पाहिला नव्हता, आणि त्यात मीही आलो.

लहानूजींची आठी मात्र गेली नव्हती. “फोटू त्यायचाच लावला?”

“हो.”

“हार घालून?”

“हो.”

“त्यायनं पायला?”

“पाहिला. तेव्हापासून बोलत नाहीत माझ्याशी.”

“कायले बोलतीन!” लहानूजी म्हणाले. “मी असतो तं काठीच घेतली असती.”

मी थैली पुढे केली. “हे परत घ्या. दुपट्टाही घ्या.”

यावर मात्र सगळे एकदम बोलू लागले. दुखवट्याचा दाणा दिला की दिला, तो वापस घरात नेत नाहीत. आणि दुपट्टा? तोही नाही. मग या तांदळाचं करायचं काय, यावर पारावर बराच खल झाला. सरजाबाईंनी निकाल दिला : “घेऊन जा अना बापाले खाऊ घाल. खोटी मौत सांगतली का माणसाची उमर वाढते. त्यायची वाढली समज.”

आणि मग सिनेमा? तो तर पाहायचाच होता! सांज झाल्यावर धान भरडायच्या गिरणीच्या भिंतीवर आम्ही तो लावला, आणि माझ्या सिनेमाची जी दुर्दशा झाली ती कुठल्याही समीक्षकानं केली नसती. साकोली ज्या फोटोला पाहून रडली त्या फोटोला पाहून आंबागड हसलं. “राम राम जी!” एक जण फोटोला म्हणाला. मी पिंड ठेवला तर आरोळी उठली, “अबे, तो घरी जेवून राहिला!” कावळा झाडावरून हलेना तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, “कावळ्याले माईत हाय ना, बुढा जिता हाय!” मी काव काव करू लागलो आणि पोरांनी माझ्याबरोबर काव काव केलं, मग बायकांनी, मग लहानूजींनीसुद्धा. सर पोट धरून प्रोजेक्टरला टेकले होते.

मी आधी कसनुसं हसलो. मग गिरणीच्या भिंतीवरचे बाबा पाहिले. निवृत्तीच्या दिवशीचा चेहरा, नवा कोट, ओठ घट्ट मिटलेले, आणि आता हसू फुटेल असा डाव्या कोपऱ्यात आलेला बाक. कॅमेऱ्यामागून मी हा फोटो कितीदा पाहिला होता, पण तो बाक मला दिसला नव्हता. मला त्यांची आठवण आली. तीन महिने एका घरात राहत होतो आणि आठवण आली. दुपट्ट्याचा पहिला उपयोग मी डोळे पुसायला केला.

पुणे

गटाला मी सांगितलं की खेळ फसला. त्यांनी विदर्भातल्या प्रेक्षकांच्या जाणिवेबद्दल बरीच चर्चा केली.

घरी आईला थैली दिली आणि म्हटलं, आज याचा भात कर. बाबा जेवायला बसले. तो वास घरभर होता. पहिला घास घेऊन ते थांबले आणि आईकडे पाहून म्हणाले,

“त्याला विचार, तांदूळ कुठला.”

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी सरळ बाबांनाच सांगितलं. “आंबागडचा. तिथल्या लोकांना वाटलं तुम्ही गेलात. मीच तसं सांगितलं होतं. त्यांनी घरोघरून वाटी वाटी तांदूळ दिला. मग मी खरं सांगितलं, तेव्हा परत घेईनात. तुमच्या दुखवट्याचा तांदूळ आहे, बाबा. माझं चुकलं.”

आई म्हणाली, “अगंबाई, आता तो टाकून द्यायचा का?” आणि बाबांच्या ताटाकडे हात नेला.

बाबांनी ताट तिच्यापासून बाजूला ओढलं. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. सगळा भात संपवला, बोटं स्वच्छ केली, आणि मग तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले होते. डावा कोपरा मी लक्षपूर्वक पाहत होतो.

“चांगला आहे,” ते म्हणाले. “वर्षश्राद्धालाही हाच आण.”